परवानगीची वही

सकाळी सातला दारावर टकटक झाली. मी तोंडाला साबण फासून दाढीला बसलो होतो, तसाच उठलो आणि दार उघडलं. समोर बिरूतात्या. पायजमा, वर स्वेटर, काखेत जाडजूड वही, आणि शिडी मागायला आलेल्या शेजाऱ्याचा संकोच चेहऱ्यावर.

"सर, काल सांजच्याला तुमी वहिनींवर वरडलात न्हवं, आमटीत मीठ न्हाय म्हणून?"

मी एकदा आत बघून घेतलं. बायको स्वयंपाकघरात होती.

"बरं, मग?"

"मग वहिनी म्हणल्या, मीठ हाय, तुमचंच ध्यान न्हाय. ते मला मिळंल का?"

"काय मिळेल का?"

"त्येच. भांडाण."

मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण तात्यांनी वही उघडून पुढे धरली. त्यात त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'आमटीवरून झालेले भांडण, एक. वापरण्यास हरकत नाही.' खाली सहीसाठी जागा. मी साबणाच्या हाताने सही केली. तरी तात्या जाईनात. म्हणाले, "वहिनींची बी लागंल. वाक्य त्यांचं हाय." बायको पदराला हात पुसत आली, तिने सगळं वाचलं, पूर्ण नावानिशी सही केली आणि विचारलं, "यात माझं नाव घालणार का?" तात्या म्हणाले, "न्हाय, नाव बदलतो." तेव्हा तिचा चेहरा जरा उतरला.

बिरूतात्या कोळेकर बारामतीतल्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते आणि कथा लिहीत. दिवाळी अंकांत नाव यायचं 'बि. धु. कोळेकर'. नव्वदच्या दशकात आठ वर्षं आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एका विटेची भिंत होती. त्यांची बायको वारल्यापासून ते एकटेच असत. माझ्याकडचं सगळं त्यांना ऐकू जाई. त्यांच्याकडचं मला काहीच ऐकू येत नसे. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. कथा-कादंबऱ्यांशी माझा संबंध वर्गात मुलांकडून जप्त करण्यापुरताच, त्यामुळे मला सुरुवातीला त्यांच्या लिहिण्यापेक्षा त्या वहीचंच नवल वाटे.

ती वही त्यांच्यापासून कधी सुटली नाही. दवाखान्यात म्हशीच्या पायाला पट्टी बांधता बांधता मालक काही बोलून जाई, आणि तात्या तिथेच हात धुऊन वही काढत. सही न येणाऱ्यांसाठी दवाखान्यातलं शाईचं पॅड होतंच. लोणी भापकरच्या एका म्हाताऱ्याने गाय विकताना तिच्या कानात काहीतरी सांगितलं, त्याचा अंगठा. एसटीच्या कंडक्टरने सुट्ट्या पैशांवरून कुणाला तरी जो एक टोमणा मारला, त्याची सही. वाक्याचा मालक सापडला नाही तर ते वाक्य तात्या वापरत नसत, मग ते कितीही चांगलं असो.

मी एकदा म्हटलं, "अहो तात्या, जगात सगळे लेखक असंच ऐकून-बघून लिहितात. कुणी सही घेत नाही."

"दुसऱ्याच्या दावणीचं जनावर सोडताना मालकाला इचारायचं का न्हाय?"

"गोष्ट म्हणजे काय जनावर आहे?"

"जनावर परत तरी येतंय, सर."

त्यांची लिहिण्याची वेळ पहाटे पाच ते सात. लशी येतात ते थर्माकोलचं खोकं पालथं घालून त्यावर बसायचं, आणि मांडीवर पाट घेऊन वापरलेल्या सरकारी फॉर्मांच्या कोऱ्या बाजूला लिहायचं. लिहिण्याबद्दल बोलतानाही भाषा दवाखान्याचीच. कथा डोक्यात घोळत असली की म्हणायचे, "गाभण हाय, आत्ता हलवू नका." संपादकांकडून 'साभार परत' आली की पाकीट खिशात घालत आणि सांगत, "न्हाय राह्यली." दुःख फारसं दिसायचं नाही. चारसहा महिन्यांनी तीच कथा दुसऱ्या अंकाकडे जायची.

पुढच्या दिवाळीत आमचं भांडण छापून आलं. मी अंक विकत आणून आधी तेच पान काढलं. आमची आमटी एका शिक्षकाऐवजी एका तलाठ्याच्या घरी गेली होती, आणि शेवटी तो तलाठी बायकोची माफी मागत होता. मी काही माफी मागितली नव्हती. तसं मी तात्यांना सुनावलं, तर ते म्हणाले, "तुमी भांडाण दिलंत. माफी माझी हाय." बायकोने तो अंक बरीच वर्षं शोकेसमध्ये पुढच्या बाजूला ठेवला.

या वहीपायी तात्यांचं नुकसानही पुष्कळ झालं. नरसिंहपूरला लसीकरणाच्या शिबिराला गेले असताना एका बाईने म्हैस आणली होती. बोलता बोलता तिने घरची एक हकीकत सांगितली. तात्या तीवरून गोष्ट लिहून बसले, संपादकांना ती फारच आवडली, आणि मग तात्या वही घेऊन बाईकडे गेले. बाई म्हणाली, "न्हाय. ते लिवू नका." झालं. तात्या रजा टाकून पुण्याला गेले आणि जुळवून झालेल्या मजकुरातून तेवढा भाग काढून घेतला. संपादक हातात राहिलेल्या पानांकडे बघून म्हणाले, "अहो, तेवढ्यासाठीच तर कथा घेतली होती." हकीकत काय होती ते मलाही सांगता येणार नाही. तिच्यात एक सदरा होता, आणि हा शब्दसुद्धा मी तात्यांना विचारून लिहितो आहे.

उलट, आपणहून देणारेही येत. एक बागायतदार, साखर कारखान्याचे जुने सभासद, बुलेटवरून आले. म्हणाले, "तात्या, माझं अख्खं आयुष्य घ्या, लिहून देतो." तात्यांनी दोन तास ऐकलं, मधे दोनदा चहा केला आणि शेवटी वही मिटली.

"का हो?"

"तुमी सांगून सांगून त्येचं पार पीठ केलंय. मला दाणं लागत्यात."

बागायतदारांनी तालुक्यात तात्या शिष्ट आहेत असं सांगायला सुरुवात केली. ही हकीकतही मग ते सगळ्यांना सांगत, त्यामुळे तिला सही लागत नाही असं तात्यांचं मत.

मी हे लिहायचं ठरवलं तेव्हा नियम मलाही लागू झाला. तात्यांनी सही दिली, 'लई चांगला दाखवू नका' ही अट घालून. बायकोने दिली. आणखी एका अंगठ्यासाठी मला एसटीने जाऊन यावं लागलं.

तो अंगठा कुणाचा, ते सांगायला वहीच्या पहिल्या पानाकडे यायला हवं. एका रविवारी तात्या दूध आणायला गेले होते आणि वही खोक्यावर पडली होती. मी सहज पहिलं पान उघडलं. वर लिहिलं होतं, 'म्हाकू धुळा कोळेकर, निरवांगी. गोष्ट: वाघर.' खाली अंगठ्यासाठी पेन्सिलीने चौकोन आखलेला. चौकोन कोरा होता, आणि हात लागून लागून पान पिवळं पडलं होतं.

तात्या दुधाचं पातेलं घेऊन दारात उभे राहिले. मी ओशाळलो. ते म्हणाले, "आमचा थोरला," आणि पातेलं स्टोव्हवर ठेवलं. दूध तापेपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं.

कोळेकरांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. म्हाकूआबांनी मेंढरांमागे फिरून धाकट्याला शिकवलं, नोकरीला लावलं. पुढे कालव्याच्या पाण्याने माळ संपला, जिकडे तिकडे ऊस झाला, आणि चारायला जागा उरली नाही. एका बाजारी आबांनी अख्खा कळप विकला. घरी आले आणि रिकाम्या वाघरीत जाऊन बसले. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. तिथे बसून ते रडले. 'वाघर' ही तात्यांची पहिली कथा, याच प्रसंगाची. धाकटा भाऊ कुंपणाबाहेर उभा राहून हे बघतो आणि सांगतो, अशी लिहिलेली. दिवाळी अंकात आली, निरवांगीत कुणीतरी हॉटेलात ती सगळ्यांदेखत मोठ्याने वाचली, आणि गावाला आबांची थट्टा करायला विषय मिळाला. तेव्हापासून बारा वर्षं आबा तात्यांशी बोलले नव्हते. लग्नकार्यात तात्या दिसले की ते पंगतीतून उठून जात.

"मी इचारलं न्हवतं," तात्या म्हणाले. दूध उतू गेलं ते मीच पाहिलं.

त्याच हिवाळ्यात पुण्याच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं. बारा कथांचं पुस्तक काढू म्हणत होते. मात्र 'वाघर' पहिली हवी. ती नसेल तर पुस्तकात अर्थ नाही. तात्या तेव्हा निवृत्तीला आले होते आणि त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. पत्र त्यांनी देवापुढे ठेवलं, आणि उत्तर काही पाठवलं नाही.

मी म्हटलं, "तात्या, ती एकदा छापून झाली आहे. जे व्हायचं ते झालं."

"एकदा चोरलं म्हणून पुन्यांदा चोरायचं व्हय?"

"मग विचारा त्यांना."

"माझ्यासंगं त्यो बोलत न्हाय. तुमी इचाराल का?"

मी हो म्हणालो. भूगोलाच्या मास्तरला असलं काम आयुष्यात एकदाच मिळतं.

एका शनिवारी दुपारच्या एसटीने आम्ही निरवांगीला उतरलो. तात्यांनी वही, पॅड आणि तो जुना अंक माझ्या पिशवीत घातला आणि स्वतः स्टँडवरच्या लिंबाखाली बसले. "मला बघितलं तर दार लावंल त्यो. तुमी जावा."

आबांचं घर उसाने तिन्ही बाजूंनी वेढलेलं. अंगणाला बोराटीचं कुंपण, आणि खुंट्याला एक मेंढी बांधलेली. सत्तरीचा माणूस, डोक्याला लाल पटका. मी कोण ते सांगितलं. ते मेंढीकडे बघत राहिले.

"बरा हाय का त्यो?"

"बरे आहेत."

"काय आणलंय?"

मी पुस्तकाचं सांगितलं, पत्राचं सांगितलं, तुम्ही नाही म्हणालात तर पुस्तक होणार नाही हेही सांगितलं. ते म्हणाले, "वाचा. हाटेलात वाचली हुती, पर लोकं हासत हुती. नीट ऐकू आली न्हाय."

मी नऊ पानं वाचली. आबा वाघरीत जाऊन बसतात तिथे मी थांबून पाणी प्यालो. वाचून झाल्यावर मी पॅड उघडून पुढे ठेवलं. आबांनी त्याला हात लावला नाही.

"एक चुकलंय."

मला वाटलं, मेंढीचा रंग किंवा बाजाराचा वार असेल. मी पेन काढलं.

"वाघरीत मी एकला न्हवतो. त्योबी हुता. इस्तरीची पँट घालून आल्याला सरकारी माणूस, त्या लेंड्यांत मांडी घालून बसला आन् माझ्या आदी रडाय लागला. त्येचं बघून मला आलं."

मी पेनाला टोपण लावलं.

"माझं लिवलं त्येचं काय न्हाय, मास्तर. माझी मेंढरं, मी रडलो. खरं हाय. पर त्यानं सवताला बाहिर काढलं. मला एकल्याला आत बसवला आन् ह्यो कुपाटीबाहिरनं बघतोय. सारं गाव इचारायचं, म्हाकू, येकटाच रडलास व्हय रं?"

"मग सांगायचं होतं, की तोही होता."

आबा पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघत म्हणाले, "त्येला इचारल्याबिगर त्येचं कसं सांगू?"

मी पॅड मिटलं. उठताना ते म्हणाले, "आदी त्येचा अंगठा आणा. मग माझा घ्या."

तात्या लिंबाखाली तसेच बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. मी त्यांना सगळं शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी वही मागून घेतली आणि पहिल्या पानावर जुन्या चौकोनाच्या वर पेन्सिलीने दुसरा चौकोन आखला. त्याच्या शेजारी लिहिलं, 'बिरा धुळा कोळेकर. वाघरीत बसून रडलो, एक. वापरण्यास हरकत नाही.'

मी पेन पुढे केलं. "सही करा."

"त्यानं अंगठा म्हणलाय न्हवं," तात्या म्हणाले. तीस वर्षं सरकारी कागदांवर सह्या केलेल्या त्या माणसाने डावा अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. ठसा थोडा फिसकटला. अंगठा त्यांनी पुसला नाही.

"तुमी बसा हितं. यष्टी आली तर थांबवा जरा," म्हणाले आणि वही आणि पॅड घेऊन निघाले.

लिंबाखालून थोडं पुढे आलं की आबांचं अंगण दिसत होतं. तात्या कुंपणापाशी पोचले आणि बाहेरच उभे राहिले. आबा अंगणात बाजेवर बसलेले होते. थोड्या वेळाने आबांनी उठून मेंढी सोडली, दुसऱ्या खुंट्याला बांधली आणि बाजेवर बसायला जागा केली. तात्या चपला काढून कुंपणाच्या आत गेले.

साडेचारची एसटी आली, मोकळीच होती. कंडक्टरने विचारलं, "कोण यायचंय का?" मी नाही म्हणालो.