भिंतीवरची गोधडी

गोधडी गेल्याचं पुंजाजीला मंगळवारी कळलं. साठ साली मराठी मुलखाचं नवं राज्य झालं, त्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा. बायको तानुबाई जाऊन वर्ष झालं होतं, आणि तिनं शिवलेली ती गोधडी अंगावर घेतल्याशिवाय पुंजाजीचा डोळा लागत नसे. शेजारच्या अंबूबाईनं बातमी दिली, "तुमच्या उत्तमनं नेली जी. तिच्यात चित्र गुंडाळलं अन् येष्टीच्या टपावर टाकलं."

उत्तमराव हा पुंजाजीचा पुतण्या, बुलढाण्यात चित्रकलेचा मास्तर. तिथं नवचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. पुंजाजीनं दुसऱ्या दिवशी पहिली गाडी धरली.

सभागृहात शिरतो तर गोधडी समोरच्या भिंतीवर! खाली उत्तमरावाच्या नावाची चिठ्ठी. शिपायानं गाठोडं सोडलं होतं, गोधडीलाच चित्र समजून चार खिळे ठोकले होते आणि आतल्या खऱ्या चित्राच्या चौकटीवर पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला होता. आजूबाजूची चित्रं पाहता त्याला दोष देणं कठीण होतं.

पुंजाजीनं उत्तमरावाला गाठलं. "काऊन बे, हे काय करून ठेवलं?"

"काका, हळू बोला. मुंबईचे मोठे चित्रकार अर्ध्या घंट्यापासून तिच्यापुढंच उभे हायेत. आता सांगतलं तं माही इज्जत जाईन."

"अन् मी काय थंडीत कुडकुडू?"

चित्रकार लोकांना समजावत होते, "हा निळा पाहा. माणसाचा एकटेपणा आहे हा."

"तो माहा सदरा हाय," पुंजाजी म्हणाला. "बैलानं शिंग लावलं होतं."

सगळे वळले. उत्तमराव माठाकडे सरकला.

"आणि हा लाल?" चित्रकारांनी विचारलं.

"बायकोच्या माहेरचं लुगडं. इरलं, तवा फाडलं तिनं. हे सारी तिनंच शिवली. काढा खाली, मले न्यायची हाय."

चित्रकारांनी चष्मा पुसला. "बाबा, सहा दिवस राहू द्या. इतकी वर्षं रंग लावतोय, मला हे जमलं नाही."

"तुमाले थंडी वाजत नसंन!"

शिपाई खिळे काढायला स्टुलावर चढला. तेवढ्यात दोन बाया पुढं आल्या. एकीनं टाक्यांवरून बोट फिरवलं. "किती बारीक टाका हाय वं माय! कोन्या गावची हो ही बाई?"

"रोहिणखेडची," पुंजाजी म्हणाला. मग शिपायाला म्हणाला, "राहू दे बे. तो कोपरा लोंबून राह्यला, तेवढा नीट ठोक. अन् उत्तम, तुह्यं नाव काढ. तानुबाई लिही."

सहा दिवसांनी गोधडी घरी आली. तीस वर्षं पुंजाजी बायकोच्या हातच्या गोधड्या पांघरत आला होता. चांगली शिवलीस, एवढं तिला म्हणायचं राहून गेलं.