नानांचे दात आणि एरंडोलची गाडी

आमच्या शेजारचे भिकननाना पाहुणा आला तरी "या" म्हणत नाहीत. दारात उभे राहतात, डावा हात कानामागे धरतात आणि म्हणतात, "कृपया लक्ष द्या. सुरतहून निघालेले जावई घरात दाखल झालेले आहेत." मग चहा सांगतात, तोही तसाच. "चहा सुटण्याच्या तयारीत आहे. साखर घेणाऱ्यांनी पुढे यावे."

धुळ्याच्या बस स्टँडवर नाना बत्तीस वर्षं कंट्रोलर होते. काचेच्या खोलीत बसायचं आणि माईकवर गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पुकारणं संपलं नाही. देवपुरात आमच्या गल्लीत पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, पण नळाच्या आधी नानांच्या तोंडून येतं. एकदा त्यांनी आमच्या घरातलं भांडणही गच्चीवरून पुकारलं. "अक्कांची सून माहेरी जाण्यास निघालेली आहे. समजूत घालणाऱ्यांनी ताबडतोब संपर्क साधावा." मी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही. सून मात्र हसली आणि पिशवी घेऊन घरात परत आली.

या आवाजाला घरात एक खरं काम होतं. नानांची बायको इंदू. ती एरंडोलची. दोन वर्षांपासून तिला काही आठवत नाही. रोज दुपारी दोन लुगडी, फणी आणि टॉवेल पिशवीत भरते आणि ओट्यावर येऊन बसते. एरंडोलला आईकडे जायचंय म्हणते. आई नाही, भाऊ नाही, घर दुसऱ्यांना विकून झालं. सुरुवातीला आम्ही तिला खरं सांगायचो. दर वेळी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडायची, म्हणून सांगणं सोडलं.

जेवायला ती तयार नसायची. गाडी चुकेल ना! मग नानांनी युक्ती काढली. स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून ते पुकारायचे, "कृपया लक्ष द्या. पारोळा, एरंडोलमार्गे जळगावला जाणारी गाडी अर्धा तास उशिराने सुटेल. प्रवाशांनी तोवर जेवण उरकून घ्यावे." की इंदू ताट पुढे ओढायची. जेवली की गाडी विसरायची. नवऱ्याचा चेहरा तिला ओळखू येत नाही. "हे बुवा कोण?" असं ती मला रोज विचारते. पण त्या आवाजावर तिचा भरवसा होता. दीड वर्ष, दिवसातून दोन वेळा, एरंडोलची गाडी उशिराच होती.

आणि नानांचे दात हलायला लागले.

चौकातली दातांची डॉक्टरीण वयाने माझ्या नातीएवढी. तिने वरचे सगळे दात काढावे लागतील म्हणून सांगितलं आणि तीन खेपांत काढलेही. "हिरड्या भरू द्या काका, मग कवळी. महिन्याभरात एकदम तरुण!" नाना खुशीत घरी आले, दाराआड उभे राहिले आणि पुकारायला लागले. तोंडातून वाराच वारा. एरंडोल कुठे गेलं आणि जळगाव कुठे गेलं, मलासुद्धा कळलं नाही.

इंदूने कान दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हाई कोन बोली राहिना?" आणि ताट बाजूला सारलं.

त्या दिवसापासून घराला घोर लागला. मी भरवून पाहिलं, रागावून पाहिलं, स्वतः दाराआडून पुकारलं. माझ्या आवाजाला ती म्हणाली, "भाजीवाली उनी," म्हणजे आली. चार घास जात होते ते दोनावर आले.

पहिली कवळी नाशिकहून करून आली. ती नानांच्या तोंडात मावेना. ओठ मिटत नव्हते, घोडा हसल्यासारखं दिसायचं. परत गेली. दुसरी मावली, पण शिट्टी वाजायची. मी सोबत होते म्हणून सांगते. लोक कवळी बसवली की बिस्किट खाऊन बघतात. नाना खुर्चीत ताठ बसले, हात कानामागे धरला आणि सुरू झाले. "फलाट क्रमांक" म्हणेपर्यंत कवळी सुटून डॉक्टरणीच्या मांडीवर पडली. बाहेर बाकावरचा एक म्हातारा पिशवी घेऊन उभा राहिला होता, त्याला मी खाली बसवलं.

"काका, जेवता येतंय ना?" डॉक्टरणीने विचारलं.

"मला जेवायचं नाही. मला बोलायचंय."

"हळूहळू सवय होईल."

"कोणाला सवय होईल? मला की तिला?"

पोरीला काय कळणार? तिने पुन्हा माप घेतलं. तिसऱ्या कवळीसाठी गुरुवार, दुपारी बाराची वेळ दिली.

इकडे सोमवारपासून इंदू नुसत्या दुधावर आली. तिच्या डॉक्टरांनी मनगट धरून पाहिलं आणि नानांना बाहेर घेतलं. गुरुवारपर्यंत अन्न गेलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल. मागच्या पावसाळ्यात तिला दवाखान्यात ठेवलं होतं. तिने सुई उपटली, तेव्हा त्यांनी तिचे दोन्ही हात पलंगाला बांधले होते. नाना त्या पलंगाशी दोन दिवस उभे होते. नळीचं नाव काढताच त्यांनी मला ओट्यावर बोलावून घेतलं.

मग त्यांना फोन आठवला. खरं तर विसरले कधी होते? नानांच्या फोनमध्ये लोकांशी बोलायची पाच दुकानं आहेत. मला ती रंगावरून कळतात. हिरवं, निळं, गुलाबी, काळं आणि एक कागदी विमानाचं. नानांनी त्यांना फलाटांचे नंबर दिलेत. हिरव्यावर भाऊबंद, निळ्यावर स्टँडवरची जुनी माणसं, गुलाबीवर नातवंडं, काळ्यावर नेत्यांशी भांडणं, विमानावर भजनी मंडळ. कोणत्या फलाटावर काय सोडायचं याचा त्यांना पक्का हिशेब आहे आणि तो रोज चुकतो. नेत्याला घालायच्या शिव्या एकदा भजनी मंडळाला गेल्या. त्यातल्या दोघांनी रामकृष्णहरी म्हणून उत्तर दिलं.

"अक्का, माझा जुना आवाज कोणाकडे तरी असेलच," नाना बोळक्या तोंडाने म्हणाले. "स्टँडवर रोज एवढी माणसं यायची. कोणीतरी फोनमध्ये धरला असेल. तोच लावू हिच्यासमोर."

मला पटलं. बसलो दोघं. निळ्याचा परवलीचा शब्द नाना विसरले होते. तो बदलायला गेले तर फोन म्हणाला, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. नऊ चौकोनात नऊ चित्रं, त्यातल्या बस ओळखा. मी म्हटलं, चला, हे तरी तुमच्या हातचं. नानांनी चष्मा लावला. "ही बस नाही, मिनीबस आहे. ही शाळेची. ही डेपोत उभी आहे, मार्गावर नाही, हिला धरता येणार नाही." तीनदा चुकले. फोनने त्यांना चोवीस तास बाहेर काढलं. बत्तीस वर्षं बस पुकारलेला माणूस, आणि त्याला बस ओळखू येत नाही असं यंत्राने ठरवलं. मी हसले. नाना हसले नाहीत. आत इंदू पिशवीचा बंद सोडत होती आणि परत बांधत होती.

उरलेल्या चार फलाटांवर मंगळवारी संध्याकाळी नानांनी आपला खाकी कपड्यातला, माईकसमोरचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "हा आवाज आता राहिला नाही. कोणाकडे जपून ठेवलेला असल्यास तातडीने पाठवावा."

पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं. भावपूर्ण श्रद्धांजली.

मग रांगच लागली. देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो. मोठा आधार गेला. कोणी पेटती समई पाठवली, कोणी हात जोडलेले. नाना एकेकाला लिहीत बसले, "मी जिवंत आहे." हिरव्यावर समजूत पटेपर्यंत विमानावर भजनी मंडळाने शोकसभा ठरवली. काळ्यावर एका नेत्याच्या माणसाने लिहिलं की मतभेद होते, पण माणूस चांगला होता. बुधवारी निळं उघडलं, तर कोणीतरी तोच फोटो तिथेही नेऊन टाकलेला आणि दशक्रिया कधी आहे याची चौकशी चाललेली. आवाज मात्र एकानेही पाठवला नाही.

"मेल्यावर इतकी माणसं बोलतात," नाना म्हणाले, "आणि ऐकलेलं एकाकडे नाही."

बुधवारी इंदूने दूधही थुंकलं.

गुरुवारी अकरा वाजता मी दशम्यांचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. शेवटचा प्रयत्न म्हणून दुधात कणीक भिजवून मऊ केल्या होत्या. नाना कवळीसाठी निघायला कपडे घालून तयार होते. तेवढ्यात दार वाजलं. दारात पांढरी टोपी घातलेला उंच म्हातारा, डोळे लाल. नानांनी दार उघडलं आणि तो माणूस दोन पावलं मागेच सरकला.

"भिकनराव?"

"ये सुकदेव," नाना म्हणाले. "ये. मी आहे अजून."

सुकदेव एरंडोलचा, जळगाव गाडीवरचा जुना ड्रायव्हर. बिचारा पहिल्या गाडीने दारावर आला होता. म्हणजे आमच्याकडे मयताच्या घरी बसायला जातात, तसा. खाली बसला, पाणी प्यायला आणि मग नानांना त्याने अशा काही शिव्या दिल्या की मला बरं वाटलं. तीन दिवस त्या घरात कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

मी त्याला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याने खिशातून फोन काढला.

"माझ्याकडे आहे. माझ्या शेवटच्या ड्युटीला माझी गाडी यांनी पुकारली, ती मी धरून ठेवली होती. सकाळी उठायला तीच लावतो. बायको वैतागते."

नानांनी त्याचा हात धरला. माझ्या हातात ताट होतं. नाना दाराआड गेले नाहीत. सुकदेवने बटण दाबलं.

"कृपया लक्ष द्या," फोनमधून नाना बोलले. खणखणीत, सगळ्या दातांनिशी. इंदूने मान वर केली. चेहरा असा उजळला की मी ताट तिच्यापुढे सरकवलंसुद्धा. "पारोळा, एरंडोलमार्गे जळगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर उभी आहे. गाडी सुटण्याची वेळ झालेली आहे. प्रवाशांनी त्वरित आपापल्या जागा घ्याव्यात."

हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. शेवटच्या ड्युटीची गाडी. ती उशिरा कशी असेल?

इंदू उठली. ताट तिच्या पायाने उडालं. "मनी गाडी लागनी!" म्हणत तिने पिशवी उचलली आणि दाराकडे निघाली. चार दिवस पोटात अन्न नाही, पण ताकद बघा. मी आडवी झाले तर मला ढकललं. "नाना, धरा हिला, मी कडी लावते," मी ओरडले.

नाना जागचे हलले नाहीत. त्यांच्या खिशात फोन वाजत होता. दातांची डॉक्टरीण असणार, कवळी आली सांगायला.

"नाना!"

"राहू द्या अक्का," ते म्हणाले. "दीड वर्ष खोटं बोललो तिच्याशी. गाडी उशिरा, गाडी उशिरा. एकदा तरी सुटू द्या."

"अहो, तिथे कोण आहे आता तिचं? कोणाच्या दारात उतरवणार?"

"माझ्या," सुकदेव म्हणाला. टोपी डोक्यावर नीट करून तो उठलाच होता.

नानांनी तो वाजता फोन माझ्या हातात दिला. "त्या पोरीला सांगा, पुढच्या आठवड्यात येतो." मी तिला सांगितलं की काका बाहेरगावी गेलेत. ती म्हणाली, अहो, पण त्यांनाच घाई होती ना? मी म्हटलं, होती.

डबा मी घेतला होता. रिक्षाने स्टँडवर गेलो. खरी गाडी खरंच लागलेली होती. इंदू खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर. नाना तिच्या शेजारी, पण मध्ये हातभर जागा सोडून, परक्या बाईशेजारी बसावं तसे. मी आणि सुकदेव मागच्या बाकावर. तिला पुढच्या वळणावर घेरी आली तर काय करायचं, हेच माझ्या डोक्यात होतं.

गाडी गावाबाहेर पडली तशी ती शेजाऱ्याशी बोलायला लागली. मालक स्टँडवर मोठ्या हुद्द्यावर आहेत. दिवसभर लोकांशी बोलतात, घरी आले की मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प. पण माणूस वाईट नाही. नाना "हो का" म्हणत होते.

पारोळ्याला गाडी थांबली. सुकदेवने खिडकीतून चहाचे दोन कप दिले. मी पुढे वाकून डबा इंदूच्या मांडीवर ठेवला आणि काही बोलले नाही. तिने झाकण काढलं. दशमीचा वास घेतला. मग शेजाऱ्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"भाऊ, तुमले दात नहीत?"

"नाहीत."

तिने दशमी मोडली, तुकडा चहात बुडवला, मऊ होईपर्यंत धरून ठेवला आणि नानांच्या हातावर दिला. दुसरा बुडवला, तो स्वतःच्या तोंडात टाकला. मी मोजत होते. तिसरा त्यांना, चौथा तिला.

"तुमनी बाई कोठे शे?" तिने विचारलं.

नानांनी तोंडातला घास गिळला.

"माहेरी निघालीय."

"मंग तुमना जेवाना हालच शेतस," इंदू म्हणाली आणि डबा दोघांच्या मधल्या त्या हातभर जागेत ठेवला.