लेम्पीबाईंचं मचाण

"पंचाहत्तर वर्षांत मी एकदाच पडले, ती तुझ्या बापाच्या प्रेमात! शिडीवरून पडायला मला वेळ आहे का?"

लेम्पी निस्कानेनबाईंनी लेकीला सुनावलं आणि फोन आपटला.

लेक इर्या दुपारी दोनला घर बघायला येणार होती. पन्हळी पाल्यानं तुंबलेल्या दिसल्या, की हिवाळ्यात पाणी गोठणार, छप्पर गळणार आणि बाईंची रवानगी शहरातल्या वृद्धांच्या इमारतीत. तिथे म्हणे कॉफीसुद्धा मोजून देतात!

पण आज पंधरा नोव्हेंबर, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तर टोकाला आज गावात पुरुष औषधालाही सापडायचा नाही. बाईंनी स्वतःच शिडी काढली. स्वर्गवासी नवऱ्याचं शिकारीचं नारिंगी जाकीट चढवलं. मचाणावर बसताना तो जो पट्टा अंगाला बांधायचा, तोही आवळला. इर्यानं शिडीला लावायचा आडवा टेकू पाठवला होता, शिडीचा भार पन्हळीवर येऊ नये म्हणून. त्यावर बाईंचे लोकरी मोजे वाळत होते.

"मग मोजे काय डोक्यावर वाळवू? शिडी काय, टेकली की टेकली!" बाई स्वतःशीच म्हणाल्या.

वर जाऊन बाईंनी पट्ट्याचा दोर धुराड्याला बांधला, दोन बादल्या कुजका पाला उपसला आणि ऐटीत उतरायला पाय टाकला. भांडी घासायची वेळ आली की जावई सरकतो, तशी शिडी सरकली! जाताना हातभर पन्हळही घेऊन गेली. बाई घसरत छपराच्या काठाशी आल्या आणि दोर ताठ झाला. नवऱ्यानंही कधी इतकं घट्ट धरलं नव्हतं!

"अरे, आहे का कोणी?"

शेजारचा वाल्फ्रिड रानातून रिकाम्या हातानं परतत होता. त्याला वर नारिंगी जाकीट दिसलं, आणि अंगणात सफरचंदं खाणारं एक थोराड हरीण. त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

"शूऽऽ! लेम्पीकाकू, हरीण बुजेल!"

"मेल्या, शिडी लाव!"

"शूऽऽ! छपरावर मचाण! काय डोकं चालवलंत!"

वर बंदूक कुठे दिसेना. पण काकूंची जीभ असताना बंदूक कशाला, असं म्हणत तो चवड्यांवर निघून गेला. काकूंना कोणी त्रास देऊ नये म्हणून रस्त्यात गाडी आडवी लावून बसला!

दोनला इर्याची गाडी तिथेच अडली. "हळू! तुझी आई शिकारीला बसलीय," वाल्फ्रिड कुजबुजला. इर्या धावतच आली. पडलेली शिडी, मोडकी पन्हळ, वरून लोंबणारे आईचे पाय!

"आई!"

"ओरडू नकोस, हरीण बुजेल," बाई म्हणाल्या.

इर्यानं टेकूवरचे मोजे फेकले, टेकू शिडीला लावला, शिडी नीट तिरकी रोवली आणि वर चढली. धुराड्याची गाठ तिनं दोनदा ओढून पाहिली.

"ही कोणी शिकवली?"

"तुझ्या बापानं. चाळीस वर्षं झाडावर घोरला, एकदा पडला नाही."

इर्या शेजारी बसली. मग म्हणाली, "गाठ बांधलीस, म्हणून हा हिवाळा इथेच राहा. पण शिडीवर मी चढणार. तू खाली धरायचीस."

"आणि खालून बोललेलं चालेल?"

"ते कोणाच्या बापाच्यानं थांबणारय!"

संध्याकाळी बाई वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत होत्या, तेवढ्यात चर्चमधल्या बायकांचा फोन आला. "लेम्पी, भलंमोठं हरीण होतं म्हणे! पाडलंस का?"

बाईंनी खिडकीतून पाहिलं. ते थोराड हरीण पुन्हा येऊन झाडाखाली निवांत चरत होतं.

"सोडून दिलं," बाई म्हणाल्या. "म्हातारं झालंय गं. राहू दे आपल्या घरी."