तोंडाला फेस

राद्काचे लग्न ठरले होते. लग्नात प्यायचे काय, एवढेच ठरायचे राहिले होते. तिचा बाप रोस्तिस्लाव्ह झाटेत्स गावच्या हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडसरपणा देणाऱ्या वेलींच्या, मळ्यांत वाढलेला. तो घरीच बिअर करायचा आणि पोरीच्या लग्नात आपल्याच हातची बिअर वाढायची, हे त्याने ती रांगत होती तेव्हाच ठरवले होते. व्याही सिरिल मात्र दक्षिण मोराव्हियातले द्राक्षबागायतदार. बिअर तहानेसाठी असते आणि वाइन माणसांसाठी, असे त्यांनी फोनवरच ऐकवले होते. म्हणून जुलैतल्या त्या रविवारी ते बायकोसह जेवायला आले, तेव्हा एका ग्लासात त्यांचे तोंड बंद करायचे, असा रोस्तिस्लाव्हचा बेत होता.

तळघरात मुरलेले पिंप त्याने स्वतः पायऱ्यांवरून दणादण वर आणले, अंगणात उन्हात मांडले आणि सगळ्यांसमोर तोटी उघडली. ग्लासात नुसता फेस आला. दुसऱ्या ग्लासातही फेस, तिसऱ्यातही. त्याची बायको ब्लांका टेबलावर भाजलेले बदक आणून ठेवत होती. तिने ग्लासांची ती पांढरी रांग पाहिली.

"रोस्त्या, दाढी करायचीय का कुणाची?"

 गळ्याशी घट्ट बटण लावलेल्या पांढऱ्या शर्टात सिरिल घाम पुसत बसले होते.

रोस्तिस्लाव्हने पिंपातून बिअर ढकलणाऱ्या गॅसचा दाब कमी केला. आता फेसच, पण थेंबथेंब येऊ लागला. पिंप हिंदकळले आहे आणि तापलेही आहे, हे त्याच्या लक्षात आले. मग पिंप पुन्हा तळघरात गेले. खालून तळघराच्या झरोक्यातून एक लांबलचक बारीक नळी वर अंगणात आली आणि तोटी टेबलाच्या पायाला बांधली गेली. लांब बारीक नळीतून बिअर शांतपणे येते, असे तो व्याह्यांना समजावू लागला. व्याह्यांनी मान डोलावली आणि पाणी मागितले.

पहिला ग्लास खरोखर छान भरला. पण तो विहीणबाईंना द्यावा लागला आणि त्या सावकाश पिणाऱ्या. तेवढ्यात नळीतली बिअर उन्हात तापली. पुन्हा फेस. मग नळीवर ओले टॉवेल आले. टॉवेल संपले तेव्हा ब्लांकाच्या आईने भरतकाम केलेला टेबलक्लॉथही आला. ब्लांकाने नवऱ्याकडे असे पाहिले, की पाहुणे नसते तर वेगळेच काही झाले असते. तरीही बिअर येईना. नळी राद्काच्या खुर्चीखाली दबली होती. रोस्तिस्लाव्हने ती हिसका देऊन ओढली, तशी तोटी निसटली आणि तुंबलेला सगळा फेस व्याह्यांच्या छातीवर उडाला.

 सिरिलनी शर्टाकडे पाहिले, गळ्याचे बटण काढले आणि विचारले, "तळघर कुठंय तुमचं?"

ब्लांकाने दार दाखवले. ते खाली गेले ते आलेच नाहीत. थोड्या वेळाने त्यांना बघायला विहीणबाई गेल्या, त्याही खालीच राहिल्या. त्यांना बोलवायला ब्लांका गेली. मग राद्काही बदकाचे ताट उचलून निघाली. रोस्तिस्लाव्हचे लक्षच नव्हते. तो गुडघ्यांवर बसून नळीवर पाणी शिंपडत होता. शेवटी त्याने तोटी उघडली. फेसाचा एक बुडबुडासुद्धा आला नाही.

"थांबला फेस," तो अभिमानाने म्हणाला. वळून पाहिले तर टेबलाशी कोणी नाही. मग त्याने ग्लासात पाहिले. फेस थांबला होता, कारण बिअरही थांबली होती.

तो खाली धावला. तळघरात सगळे उपड्या खोक्यांवर बसले होते, मध्ये बदक होते आणि सिरिल शर्टाच्या बाह्या सारून मोठ्याने कसलीशी गोष्ट सांगत होते. त्यांच्या एका हातात चाकू होता आणि दुसऱ्यात नळीचे पिंपाजवळचे तोडलेले टोक, अंगठ्याने चिमटून धरलेले. गॅस त्यांनी आधीच बंद केला होता.

"या व्याहीबुवा," ते म्हणाले. "वर काय जीव रमत नव्हता बघा. आमचं अर्धं आयुष्य तळघरातच जातं. शर्टाचं राहू द्या, तो हिनंच घालायला लावला होता."

विहीणबाई हसल्या. रोस्तिस्लाव्ह नळीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बिअर कशीय?"

सिरिलनी चाकू खाली ठेवून ग्लास संपवला, मिशी पुसली आणि बराच विचार केला.

"चांगलीय," ते म्हणाले. "लग्नात हीच ठेवू. एक अट आहे. केली तुम्ही, वाढायची मात्र मी. तुम्ही तोटीच्या जवळ यायचं नाही."

ब्लांकाने लगेच होकार दिला. पोरीने दिला. रोस्तिस्लाव्हला कोणी विचारलेच नाही. सिरिलनी अंगठा सैल करून त्याच्यासाठी ग्लास भरला. घाईत अर्धा फेसच भरला. दुपारभर त्याने एक घोटही घेतला नव्हता. त्याने ग्लासाकडे पाहिले, मग व्याह्यांकडे पाहिले, आणि मुकाट्याने सगळा फेस पिऊन टाकला.