घासलेल्या चावीची किंमत

घासल्याने वस्तूची किंमत कमी होते, हे सत्य मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, दिग्रसला, माझ्याच ओसरीवर समजावून देण्यात आलं. समजावणारा माझा पोटचा मुलगा धर्मपाल. समजावून झाल्यावर त्याने माझ्याशी बोलणं सोडलं आणि माझ्या हातचं जेवणही. आज चौथा दिवस. (चहा पितो. चहाला तत्त्व लागू नाही.)

प्रकरण असं. माझे सासरे उकंडा हे साहेब लोकांच्या राज्यात यवतमाळच्या एका क्लबात पंखा ओढायला होते. तिथे एक पियानो होता. त्याच्या तारा सुरात लावायला वर्षातून एकदा नागपूरहून एक म्हातारा गोरा येई. म्हाताऱ्याचा कान गेला होता, सासऱ्यांचा शाबूत होता. दोघांचं जमलं. म्हातारा विलायतेला परत जाताना आपली अवजारं सासऱ्यांच्या हाती देऊन गेला, आणि पुढची नऊ वर्षं तो पियानो त्यांनीच लावला. नियम साधे होते. मागच्या दाराने यायचं. एका वेळी एकच पट्टी दाबायची. दोन सोबत दाबल्या तर ते वाजवणं धरलं जाईल, आणि वाजवायची आपल्या माणसाला परवानगी नव्हती.

मग साहेब गेले, पियानो वाळवीने खाल्ला आणि अवजारं पोत्यात बांधून दिग्रसला आली. घरात त्यांची नेमणूक पुढीलप्रमाणे झाली. तारा पिळायची लाकडी मुठीची चावी : सुपारी फोडणे. दोन टोकांचा नादकाटा : पाठ खाजवणे, तसंच रडतं लेकरू गप करणे (कानाशी वाजवला की गप बसतं, निदान घाबरून तरी). रबरी पाचरी : खाटेच्या आखूड पायाखाली. लाल बनातीची पट्टी : तिचं काय झालं ते मी सांगणार नाही, बाळंतपणं सहा झाली.

माझ्या पाहणीनुसार जिल्ह्यात सध्या पियानो शून्य आणि पियानो लावायच्या अवजारांचा संच एक. इतकी मुबलक सोय इथे दुसऱ्या कशाचीच नाही.

यंदा कापसाला कोणी विचारत नव्हतं. खरेदी केंद्रावरचा माणूस चिमूटभर कापूस बोटांत ताणायचा आणि "कचरा हाये, बाई" म्हणून दर्जा एक पायरी खाली ढकलायचा. म्हणून मी वेचलेला कापूस पुन्हा वेचला. एकेक काडी, एकेक पातेरा काढला. कचरा काढला की किंमत वाढते, हे मी तिथे शिकले. शिक्षण माझं चौथीपर्यंत, पण जे शिकले ते पक्कं.

तेवढ्यात धर्मपालला इंटरनेट कॅफेत शोध लागला की असल्या जुन्या अवजारांना शहरात लोक काचेच्या कपाटात ठेवतात. त्या दिवसापासून त्याची वागणूक बदलली. सुपारी अख्खी खाऊ लागला. खाटेखालच्या पाचरी काढल्या, मी तीन दिवस तिरपी झोपले. ज्या आजोबांचं नाव शाळेत सांगायची लाज म्हणून तो "यू" एवढंच लिहायचा, त्यांचा उल्लेख "आमचे ग्रँडफादर" असा होऊ लागला. मग म्हणाला, "माय, बुधवारी नागपूरचे नंदकिशोर साहेब येऊन राह्यले, जुन्या वस्तू इकत घेतात ते. घर चकाचक कर."

केलं. घरासोबत अवजारंही. चिंच, राख आणि नारळाची शेंडी. साठ वर्षांचा गंज अर्ध्या तासात उतरला. चावीच्या मुठीवरचं पितळी कडं असं निघालं की त्यात बघून कुंकू लावून घ्यावं. आणि त्या कड्यावर खिळ्याने कोरलेली अक्षरं वर आली : उकंडा. वेडीवाकडी, पण पूर्ण. घरात येऊन पंचेचाळीस वर्षं झाली, मला माहीत नव्हतं की मामंजींना सही येत होती.

नंदकिशोर साहेबांनी पांढरे हातमोजे घातले. चावी हातात घेतली आणि घरात कोणी गेल्यासारखा चेहरा केला.

"हे कोणी घासलं?"

"म्या," मी म्हटलं. मला वाटलं, तारीफ आहे.

त्यांनी दोन दोष नोंदवले. पहिला, गंज गेल्याने वय गेलं. दुसरा, कड्यावर परकं नाव आहे. कारखान्याचं असतं तर चाललं असतं, गोऱ्या साहेबाचं असतं तर किंमत दुप्पट झाली असती. "पण हे कुणाचं नाव? काही अर्थ तरी आहे का?"

अर्थ आहे. सासऱ्यांच्या आधीची तीन भावंडं गेली होती. आमच्याकडे तेव्हा अशी रीत होती की लेकरू जगावं म्हणून त्याला जन्मताच उकंड्यावर, म्हणजे शेणकचऱ्याच्या ढिगावर टाकायचं आणि मग उचलून आणायचं. कचऱ्याला मृत्यूही हात लावत नाही, हा हिशेब. ते जगले. नाव तेच राहिलं.

साहेबांनी उपाय सुचवला : नाव कानशीने घासून काढा आणि चावी दोन महिने ओल्या शेणखतात पुरा. गंज परत येतो, मग बघू. म्हणजे मी घासलं ते नुकसान, आणि नाव घासलं तर दुरुस्ती.

तुम्ही म्हणाल, बाई अडाणी. कबूल. पण खरं सांगा, इथपर्यंत वाचताना तुमच्याही मनात एकच प्रश्न होता ना : घासली नसती तर किती आले असते? नऊ वर्षं एकेक पट्टी दाबून लावलेला पियानो सासऱ्यांनी पुरा वाजलेला कधी ऐकला का, हे कोणी विचारलं नाही. (ऐकला. बाहेरून, पंख्याची दोरी ओढताना.)

आज सकाळी धर्मपाल अंगणात कानस घेऊन बसला. चावी मांडीवर, शेजारी शेणखताची टोपली. मी ताट वाढून नेलं, त्याच्या हातातली कानस काढून घेतली आणि म्हटलं,

"धर्मपाल, तुह्या आजोबाले त्याच्या मायनं उकंड्यावर टाकलं होतं, पण उचलून घ्यासाठी. तू टाकून राह्यला, इकासाठी. चावी सुपारीच्या डब्यात जाईन. आता जेव. ताट म्याच घासलं हाये, किंमत कमी झाली असन. चालत नसन तं सांग, उकंड्यावर वाढते."