हुसेनचाचा आणि आठ गाळ्यांचा भार

हुसेनचाचा कुणाच्याही दुकानात शिरले की आधी स्विचबोर्डाला भेटत. तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तशी हाताची पालथी बाजू त्याला लावत, डोळे मिटत आणि मग मालकाकडे वळत. "नवीन काय लावलंस?"

तीस वर्षं मस्कतला वायरमनचं काम करून ते श्रीवर्धनला परतले होते. आमच्या एकमजली बिल्डिंगीत आठ गाळे. खाली आइस्क्रीमवाला, शिंपी वगैरे; वर ब्यूटी पार्लर आणि टोकाला माझा कॉम्प्युटर क्लास. वीज वाढवून घ्यायच्या अर्जासाठी मालकाने चाचांना बोलावलं. कोणत्या गाळ्यात किती वॅटचं काय चालतं ते लिहून एकूण वीजभाराची बेरीज मांडायची, एवढंच काम. पण चाचांनी शिंप्याची गरम इस्त्री आकडा वाचायला उलटी केली आणि बोट भाजून घेतलं. पार्लरमध्ये केस वाळवत बसलेल्या नवरीला विचारलं, "बेटा, अजून किती मिनिटं चालणार?" ती घाबरून तशीच ओल्या केसांनी उठली.

"चाचा, सगळं एकदम थोडंच चालतं?" मी म्हणायची.

"नाय चालत. म्हणून बेरजेतून थोडं कमी धरतात. पण मे महिन्यात भर दुपारी चालतं. टीचरबाई, वायर बोलत नाय. तापते."

मीटर आणि मेनस्विचचा बोर्ड जिन्याखाली, आणि जिना एकच. उतरताना ते मला ऐकू येईल असं पुटपुटत, "पोरं बावीस. जिना एक."

मला त्यांचा राग यायचा. खरं म्हणजे भीती वाटायची, कारण मी खोटं बोलले होते. आतल्या खोलीत मी दुसरा एसी लावला होता. सांगितलं असतं तर नवी केबल येईपर्यंत चाचांनी तो चालवू दिला नसता. मी दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "आत नुसती अडगळ आहे."

मेमधल्या एका दुपारी क्लासमध्ये मासळीचा वास यायला लागला. पोरं नाकं दाबून हसायला लागली. "बाजारातला असेल," मी म्हटलं. तेवढ्यात चाचा धापा टाकत दारात उभे.

"वास कधीपासून?"

"मासळीचा आहे, चाचा."

"आज वाऱ्यामुळे एक पण होडी गेली नाय. बाजार मोकळा हाय. प्लास्टिक तापलं की असाच वास येतो. मेनस्विच गंजून अडकलाय. पोरं खाली काढ!" मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "आत काय चालू हाय?"

मी आतल्या खोलीचं दार उघडलं. "दुसरा एसी."

ते ओरडले नाहीत. "बंद कर," एवढंच म्हणाले.

जिन्यात धूर नव्हता, पण बोर्डातून तळल्यासारखा आवाज येत होता. चाचा बोर्डाकडे पाठ करून, हात पसरून उभे राहिले. "भिंतीला हात लावू नका. एकामागून एक." मी पोरं मोजत होते. एकोणीसवर माझा आकडा चुकला. परत पहिल्यापासून मोजली. बावीस भरले तेव्हा मी रस्त्यावरच बसले.

चाचांनी शिंप्याकडचा लाकडी दांडका घेऊन मेनस्विचच्या दांड्याला रेटा दिला. हलेना. दुसऱ्यांदा खट् झालं आणि सगळी बिल्डिंग गप्प झाली. खाऱ्या वाऱ्याने केबलचा जोड हिरवा पडला होता, वरचं प्लास्टिक वितळून ओघळलं होतं. तेव्हा मला दिसलं, चाचांनी दांडका अजून सोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी यादी घेऊन मी त्यांच्या घरी गेले. नारळीच्या बागेत मोठं घर, उघडी एकच खोली, तिच्यात एक पंखा. कोरा फॉर्म काढताना त्यांच्या फायलीतून एक कागद माझ्यासमोर पडला. त्यांच्याच घराचा भार. युनूसची खोली, एसी. इरफानची खोली, एसी. गीझर दोन. नातीची खोली, छोटा एसी.

"घरी कोण कोण असतं, चाचा?"

"मीच."

युनूस आणि इरफान, दोघेही मुलगे आखातात. सात वर्षांत आले नव्हते. नातीला त्यांनी फोनवरच पाहिलेलं.

"पोरीला इथली गरमी सोसायची नाय," ते म्हणाले.

"कधी येणार आहेत?"

चाचा बराच वेळ फॉर्म शोधत राहिले. तो त्यांच्या हातातच होता.

"भार आधी मंजूर करून ठेवावा लागतो, टीचरबाई."