मागल्या बैठकीची बखर

श्रीकुलस्वामिनी, जिने आम्हांस तोंड दिले आणि तोंडाला धार दिली, तिचे स्मरण करून लिहिले ऐसे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध प्रतिपदा, दिवाळीचा पाडवा, ते दिवशी या राज्यात फटफटीचा मोठा मनसुबा सिद्धीस गेला. त्याची हकीकत आम्ही, राज्याची थोरली बाई, सांगतो. अक्षरे आम्हांस चार इयत्तांपुरती येतात. खरे लिहिण्यास तेवढी पुरतात, खोट्याला जास्त शिकावे लागते.

तर लग्नाच्या होमाचा धूर अजून डोळ्यांत होता तेव्हां महाराज अमृतराव आम्हांस बोलले होते की तुम्हांस समुद्र दाखवू. पुढे राज्यावर गोठ्याचे पत्रे, नणंदांची बाळंतपणे, युवराजांचे शिक्षण अशा एकामागून एक स्वाऱ्या चालून आल्या आणि समुद्र होता तेथेच राहिला, तो बिचारा कोठे जातो. या साली महाराजांनी कारभार युवराज रत्नाकररावांच्या हाती दिला आणि आज्ञा केली की लांब पल्ल्याची थोर फटफटी घ्यावी, तिजवर बाईसाहेबांस मागे बसवून खुद्द महाराजांनी घाट उतरावा आणि दिल्या शब्दास जागावे. आम्ही ऐकून न ऐकलेसे केले आणि मग आत जाऊन दोन लाडू जास्त खाल्ले.

ऐशियास दुकानाची खबर काढिली, तो फटफटी एक आणि तिची रूपे सहा. एक गेल्या सालची, एक या सालची, आणि दर सालात तीन दर्जे, साधी, मधली आणि शाही. गेल्या सालची ठेंगणी, आणि साल सरत आल्याने भाव उतरलेला. या सालची उंच, पुढे वारा अडवणारी मोठी काच, आणि शाही म्हणाल तर दोन्ही अंगांस लोखंडी पेट्या, मागे तिसरी पेटी, तिला पाठ टेकावी ऐसा तक्क्या. मग मसलती बसल्या. युवराज मोबाईलात डोके घालून इंजिनांच्या वंशावळी काढते जाहले आणि या सालची शाहीच घ्यावी ऐसे बोलते जाहले, आणि महाराज गेल्या सालची साधी याजवर अडून बसले. कारण पुसता काटकसर म्हणाले. ज्या पुरुषाने सुनेच्या दागिन्यांना घासाघीस केली नाही त्यास फटफटीपाशी काटकसर आठवली, हे आमच्या मनी खुपले. आमचे मत कोणी पुसले नाही. मागे बसणाऱ्यास मत असते हे या दरबारास ठाऊक नाही.

मग पाडव्याचा मुहूर्त धरून सर्वांची स्वारी जीपने दुकानी गेली. गळ्यात टाय बांधलेला, दुकानदाराचा साखरतोंड्या वकील सामोरा आला, त्याने पुरुषांस फटफट्या दाखविल्या आणि आम्हांस खुर्ची व सरबत दिले, म्हणजे आमचा निकाल लाविला. आणि बोलता बोलता म्हणाला की दोन्हीकडे पेट्या असता मावशींस एका अंगास पाय सोडून बसता येणार नाही. तेव्हां युवराज आम्हांस म्हणाले, “आई, तू आमच्याबरोबर जीपने ये. समुद्रावर पोचलो की फोटोपुरती मागे बस.” फोटोपुरती. नऊ महिने वागविला तो हा.

महाराजांनी लागलीच संधी साधिली की म्हणूनच साधी घ्या, तीस पेट्या नाहीत, हिची सोय होईल. सासऱ्यांची ही माया पाहून सूनबाईंचे डोळे पाणावले. पण युवराजांनी गळ घातली की एकदा या सालच्या शाहीवर बसून तरी पाहावे. महाराज बसते जाहले, आणि दोन्ही टाचा अधांतरी, चवड्यांवर तोल, आणि फटफटी कलली ती वकिलाने धरिली. महाराज उंचीने आमच्या कानाएवढे, लग्नात त्यांच्या पायांखाली दोन पाट रचिले होते. तेव्हां आम्हांस काटकसरीचे मूळ कळले. भर दुकानात ते बोलणे म्हणजे महाराजांची पगडी उतरवणे. सबब आम्ही सरबत खाली ठेविले आणि उठलो.

“अहो, उतरा जरा. आणि तू रे बाबा, ही पुढची बैठक खाली होते का? मागच्या बाईला पुढचं दिसायला पाहिजे.”

वकील म्हणाला, “या सालच्या शाहीलाच होते, मावशी. पुढची खाली येते, मागची आहे तशी उंच राहते.”

“मग कर खाली. यांची पाठ बघत अख्खा संसार केला मी. आता जरा पुढचं बघू दे.”

युवराज पेट्यांची आठवण देते जाहले की पाय कोठे सोडशील. त्यांनी जन्मभर आम्हांस स्कूटरवर एका अंगाने बसलेले पाहिले, त्यामुळे आईस दुसरा पाय आहे हे विसरले. आम्ही नऊवारीचा काष्टा ओढून घट्ट केला, महाराजांच्या खांद्यावर हात ठेविला, पायरीवर पाय दिला आणि टांग टाकून स्वार जाहलो. तक्क्या पाठीस नेमका लागला. मग महाराज पुढे, खाली केलेल्या बैठकीवर बसले, आणि टाचा दोन्ही फरशीस टेकल्या. त्यांनी आरशातून आमच्याकडे पाहिले, आम्ही छताकडे पाहिले. शाही घेऊन घरी आलो, औक्षण केले, तेव्हां त्यांनी ओवाळणी म्हणून ताटात फटफटीची किल्ली घातली. ती आमच्या कमरेस असते. निघतेवेळी मागून घेतात.

पुढे मार्गशीर्षात स्वारी निघाली, पेट्यांत कपडे आणि दशम्या, आणि घाटाच्या शेवटल्या वळणाअलीकडे महाराजांच्या शिरस्त्राणावरून आम्हांस लांब एक चकाकती रेघ दिसली. आम्ही त्यांच्या शिरस्त्राणावर टिचकी मारली.

“अहो, समुद्र.”

“कुठे? मला नाही दिसत.”

“पुढच्या वळणावर दिसेल तुम्हाला. चला सावकाश.”

तात्पर्य, समुद्र दाखवू ऐसे महाराज बोलले होते, तो आम्ही दाखविला. शब्द पुरा जाहला, बखर पुरी जाहली. ज्यास पटेल त्याने मागे बसावे, ज्यास न पटेल त्याने जीपने यावे.